कॅल्युमेटच्या तांबे खाणींतला १९१३ चा संप: नेमका कशासाठी?

रेवा_क:
मुलीला अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात प्रवेश मिळालाय, म्हणून ते विद्यापीठ आणि कॅल्युमेट गाव जिथे आहे त्या कीविनॉ द्वीपकल्पाचा इतिहास वाचतेय. तिथल्या खाण कंपन्यांनी कामगारांना घरं, वाचनालय, दवाखाना असं बरंच काही दिलं होतं. तरी जुलै १९१३ मध्ये एवढा मोठा संप झाला. भांडण फक्त पगाराचं होतं का?

खाणवाला:
पगार होता, दहा तासांच्या पुढे जाणारी पाळी होती. पण खरी आग लावली ती ड्रिलनं. मी स्वतः खाणीत नोकरी केलीय, म्हणून हे फार आतून कळतं. आधी एका ड्रिलवर दोघं असत. मग कंपन्यांनी एकानंच चालवायचं ड्रिल आणलं. छत कोसळण्याआधी बारीक खडे गळायला लागतात. यंत्र धडधडत असताना ड्रिल धरणाऱ्याला ते ऐकूच येत नाही, जोडीदाराचं लक्ष असलं तर तो मागे खेचतो. जोडीदारच काढून घेतला तर दगडाखाली सापडलेल्या माणसाची हाक ऐकणार कोण? कामगार त्या यंत्राला ‘विधवा करणारं’ म्हणत, ते उगाच नाही.
आणि घरांचं म्हणाल, तर घर कंपनीचं, बहुतेकदा जागाही कंपनीची. संपावर जाणाऱ्यानं बायकापोरांच्या डोक्यावरचं छप्परही पणाला लावलं होतं.

सह्यकडा:
कॅल्युमेटच्या इटालियन हॉल या सभागृहाचंही वाचा, ताई. २४ डिसेंबर १९१३. संपकऱ्यांच्या मुलांसाठी वरच्या मजल्यावर नाताळचा कार्यक्रम ठेवला होता, त्यात अ‍ॅनी क्लेमेन्क पुढे होती. मोठा झेंडा घेऊन मोर्चाच्या अग्रभागी चालणारी तीच ती. कुणीतरी ‘आग’ म्हणून ओरडलं. आग नव्हतीच. जिन्यात चेंगरून ७३ जण गेले, त्यांत बहुतेक लहान मुलं. ओरडलं कोण, ते कधीच सिद्ध झालं नाही.

रेवा_क:
बाप रे. मग शेवटी हाती काय लागलं?

खाणवाला:
आठ तासांची पाळी मिळाली, युनियनला मान्यता नाहीच. एप्रिल १९१४ मध्ये संप मोडला. कामावर परत यायचं तर युनियनचं कार्ड टाकून यावं लागलं, आणि ड्रिल तसंच राहिलं.
मुलीकडे गेलात की हँकॉकच्या क्विन्सी खाणीत जरूर उतरा. या भागात तांबं निसर्गतःच शुद्ध सापडायचं, कधी कधी कित्येक टनांचा एकसंध गोळा. तो सुरुंगानं फुटत नसे. माणसं छिन्नी-घणानं आठवडेच्या आठवडे तो कापत बसायची, तेव्हा कुठे वर काढता यायचा. कॅल्युमेटला इटालियन हॉल आता नाही, १९८४ मध्ये पाडला. दारावरची कमान मात्र ठेवलीय, तीही बघून या.