अनुभव धागा: रानात चुकलेलं लेकरू कसं शोधावं, कसं वाचवावं

१ मे २०२३ रोजी कोलंबियातल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलात छोटं विमान कोसळलं. तिन्ही मोठी माणसं दगावली, पण चार भावंडं ४० दिवसांनी जिवंत सापडली. थोरली १३ वर्षांची, धाकटं जेमतेम वर्षाचं. विमानातलं कसाव्याचं (साबुदाणा होतो त्या कंदाचं) पीठ आणि रानातली फळं ओळखायची थोरलीची जाण यांवर ती तगली. आपल्याकडे गौताळा आहे, किनवटचं जंगल आहे, बालाघाटाच्या दऱ्या आहेत आणि नजर पोचणार नाही एवढा ऊस. या कामातल्या जाणत्यांनी नेमकं काय करायचं ते लिहावं, ही विनंती.

वनविभागाच्या शोधकामातले, कन्नड

पहिला अर्धा तास पाण्यासाठी. कठडा नसलेल्या विहिरी, शेततळी, नाल्यातले डोह आधी बघा, डोंगर नंतर. शेततळ्याच्या प्लास्टिक कागदावर पाय ठरत नाही. पोहता येणारा मोठा माणूससुद्धा वर चढू शकत नाही. म्हणून कंबरेला दोर बांधून आणि दोर धरायला काठावर दोघं ठेवूनच उतरा.

लेकरू शेवटचं दिसलं ती जागा गर्दीनं तुडवू नका. पाऊल उमटलं असेल तर त्यावर घमेलं पालथं घाला. रात्री बॅटरी जमिनीलगत आडवी धरली की पावलाची सावली पडते. वरून उजेड मारला तर काहीच दिसत नाही. श्वानपथक येणार असेल तर लेकराचा न धुतलेला कपडा इतरांचा हात न लावता स्वच्छ पिशवीत ठेवा. बिबट्याचा वावर असलेल्या भागात एकट्यानं कुणी जायचं नाही.

ऊसतोड टोळीचे मुकादम, धारूर

उसाचं सांगतो, कारण तिथंच सगळ्यात जास्त चुका होतात. लोक बांधावरून हाका मारतात आणि पुढं जातात. दाट उसात आवाज आत पोचत नाही, आणि लेकरू पाचटात (उसाच्या वाळल्या पाल्यात) झोपलेलं असेल तर दोन हातांवरूनही दिसत नाही.

आधी हार्वेस्टर, ट्रॅक्टर, मोटारी बंद करा. पाचट कुठंच पेटू द्यायचं नाही, शेजारच्या फडातही (उसाच्या शेतातही) नाही. मग एका माणसाला दोनच सऱ्या द्या आणि सगळ्यांनी एका रेषेत चाला. एक जण पुढं गेला की मधली सरी सुटते. चारही बांधांवर माणूस उभा करा, कारण लेकरू तपासलेल्या सरीत परत शिरतं. झालेल्या सरीच्या तोंडाशी उसाच्या पानांची गाठ मारून ठेवा. दर दहा मिनिटांनी सगळ्यांनी एकदम थांबायचं, एकच हाक मारायची आणि मिनिटभर चिडीचूप. बारीक रडणं त्या मिनिटातच ऐकू येतं.

तांड्यावरच्या शाळेतल्या शिक्षिका

लेकरं शोधणाऱ्यांपासून लपतात, हे मोठ्यांच्या ध्यानातच येत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात ११ वर्षांचा मुलगा चार दिवस डोंगरात होता. अनोळखी माणसांशी बोलू नको असं शिकवलेलं, म्हणून शोधपथक दिसलं की तो वाटेवरून बाजूला व्हायचा. कोलंबियात त्या चार भावंडांच्या आजीचा आवाज त्यांच्याच भाषेत रेकॉर्ड करून हेलिकॉप्टरमधून ऐकवला होता: एका जागी थांबा. आपल्याकडे मंदिराचा भोंगा असतोच. त्यावर आईला बोलू द्या, आणि तांड्यावरचं लेकरू असेल तर गोरमाटी बोलीतच. "कोणी रागावणार नाही" हे वाक्य त्यात हवंच. माराच्या भीतीनं गप्प बसलेली लेकरं फार असतात.

शाळेत एवढं घोटून घ्या: चुकलो की एक झाड धरायचं आणि तिथंच थांबायचं, हाक आली की ओ द्यायची. दप्तराला शिट्टी बांधा, तीनदा वाजवायची. ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांना फडाचं गाव माहीत नसतं. मुकादमाचं नाव आणि एक फोन नंबर पाठ हवा.

ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका, किनवट

सापडल्याबरोबर तांब्याभर पाणी पाजू नका, उलटी होते. एक लिटर पाण्यात ओआरएसची पूर्ण पुडी. नसेल तर चहाच्या चमच्यानं सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर एक-दोन मिनिटांनी चमचाभर. ग्लानीत असेल तर तोंडानं काहीच नाही.

उन्हाळ्यात अंग तापलेलं आणि लेकरू बरळत असेल तर तो उष्माघात. कपडे काढून अंगभर पाणी, वरून वारा, आणि हे करत करतच १०८ ला फोन. थंडीत उलट: ओले कपडे काढा, आईच्या उघड्या अंगाशी धरून वरून गोधडी. शेकोटीजवळ नेऊ नका, बधिर कातडी भाजलेली कळत नाही.

रात्र जमिनीवर काढली असेल तर मण्यार सापाचा संशय धराच. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पापण्या जड होणं, पोटदुखी, गिळता न येणं यांतलं एक जरी दिसलं तरी प्रतिविष असलेल्या दवाखान्यात.

निवृत्त हवालदार, बीड

चोवीस तास थांबायची कसलीही अट नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांप्रमाणे अल्पवयीन हरवलं की गुन्हा नोंदवावाच लागतो. ११२ ला लगेच फोन करा. लहान मुलांसाठी १०९८, जंगलालगत असाल तर वनविभागाचा १९२६.

शोधायला निघणाऱ्यांची नावं वहीत लिहून ठेवा. लेकरू सापडलं की त्याच भोंग्यावरून सांगा आणि वही घेऊन एकेक माणूस मोजा. अंधारात विहिरीकडे गेलेला एखादा मागं राहू शकतो.