खेळाडू कंगाल होतात ते माजामुळेच?

सडेतोड: बॉक्सर माइक टायसनने 30 कोटी डॉलरहून जास्त कमावले, वाघ पाळले आणि 2003 साली दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकी फुटबॉलमधले 78 टक्के खेळाडू निवृत्तीनंतर दोन वर्षांत रस्त्यावर येतात. अक्कल नाही, नुसता माज. यांची कीव कशाला?

पश्चिमरंग: आला का तो 78 चा आकडा! 2009 च्या स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड मासिकातला आहे आणि त्यात दिवाळखोर आणि नुसते पैशांच्या ओढाताणीत असलेले, सगळे एकाच टोपलीत. 2015 साली अर्थतज्ज्ञांनी दिवाळखोरीच्या नोंदीच तपासल्या, तर निवृत्तीनंतर 12 वर्षांत जेमतेम 16 टक्के निघाले. आणि ज्यांनी जास्त कमावलं तेही तितकेच बुडाले. बास्केटबॉलवाला अँटवान वॉकर बघा, 10 कोटी 80 लाख डॉलर मिळवून 2010 मध्ये दिवाळखोर. उधळपट्टी होतीच, पण गळ्याशी आलं ते शिकागोतल्या इमारतींच्या कर्जांना स्वतः जामीन राहिल्यामुळे. विशीत कोट्यवधी, पस्तिशीत पगार बंद. विशीत तुम्हाला काय कळत होतं?

सडेतोड: बरं बाबा, शंभरात सोळाच मूर्ख. खूश? विशीत मी पगार आईच्या हातात देत होतो.

तात्या सांगलीकर: घरच्यांचं नाव काढू नका. माझा मावसभाऊ कबड्डीपटू. लीगचे पैसे आले तसे चुलत्याने पतसंस्थेत ठेवायला लावले. व्याज दीड टक्का जास्त, पासबुकावर चेअरमनचा हसरा फोटो. संस्थेला कुलूप लागलं, पोराचा गुडघाही गेला.

निमा: पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखं 5 लाखांचं विमा संरक्षण नसतं. विचारायचं होतं.

तात्या सांगलीकर: चेअरमन दिवाळीला घरी फराळाला येतो, ताई. त्याला विमा विचारायचा? आणि वसुली अधिकारी तीनदा बदलले!

पश्चिमरंग: तात्या, विषय खेळाडूंचा आहे.

तात्या सांगलीकर: मग मावसभाऊ काय गोट्या खेळायचा?

सडेतोड: बास्केटबॉलपटू आयव्हर्सनचे 3 कोटी 20 लाख डॉलर रिबॉक या बूट कंपनीने ट्रस्टमध्ये अडकवून ठेवलेत म्हणे, 2030 साली पंचावन्न वर्षांचा झाला की मिळणार. म्हणजे कंपनीलाही भरवसा नाही. माझाच मुद्दा!

पश्चिमरंग: तुमचा पीएफ कापतात तोही भरवसा नाही म्हणूनच का?

सडेतोड: पीएफ माझ्या घामाचा आहे.

पश्चिमरंग: आणि टायसन ठोसे फुकट खात होता.

तात्या सांगलीकर: पतसंस्थांवर वेगळा धागा काढतोय. ठेवी अडकलेल्यांनी तिकडे या.