मदत हवी आहे: गाडीच्या दारावरील ओरखडा घरी कसा बुजवावा?

माझ्या गाडीच्या मागच्या दारावर बोटभर लांबीचा ओरखडा पडला आहे. नख फिरवले की ते त्यात अडकते आणि एका टोकाला करडा प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) उघडा पडलेला दिसतो. त्यामुळे नुसते रबिंग कंपाउंड (हलके ओरखडे घालवणारी पेस्ट) घासून तो जाणार नाही, हे उघड आहे. रंगाचा कोड पाहून टच-अपची बाटली आणली असून, रंग पातळ थरांत भरून वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर) द्यावा, असा विचार आहे. मात्र नंतरचा उंचवटा २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासण्यापूर्वी किती दिवस थांबावे, आणि आजूबाजूचा मूळ क्लिअर कोट, जो मुळातच फार पातळ असतो, झिजू नये म्हणून काय करावे? हे काम स्वतः केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.