मदत हवी आहे: पडक्या इमारती करायला घेतल्या, थर्माकोलच विरघळला

मंडळी, लहानपणी दिवाळीत सोसायटीत किल्ले केलेत, त्या जोरावर हा उद्योग अंगावर घेतला आणि तोंडावर आपटलो.

आम्ही चौघं मित्र रविवारी कोथरूडला माझ्या घरी टेबलावर युद्धखेळ खेळतो. सैनिकांच्या छोट्या बाहुल्या २८ मिमीच्या, सध्या दुसऱ्या महायुद्धातलं स्तालिनग्राड, १९४२. आजवर इमारती म्हणून बुटांचे खोके मांडायचो. गणपतीपर्यंत चार-पाच पडक्या इमारती करायचं ठरलंय.

पहिली फ्रिजबरोबर आलेल्या थर्माकोलची. भिंती कापल्या, खिडक्या पाडल्या, झकास दिसत होती. गच्चीत नेऊन काळा स्प्रे मारला आणि डोळ्यांदेखत भिंतीची चाळण झाली. दुसरी पुठ्ठ्याची. तळावर फेव्हिकॉल थापून वाळू पसरली, सकाळी तळ भाजलेल्या पापडासारखा वळलेला.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. भिंतीची वरची कड वेडीवाकडी कापली की इमारत पडकी न वाटता चावलेलं बिस्कीट वाटते. ढिगारा टाकला तर कुणी रस्त्याच्या कामाची खडी ओतून गेल्यासारखा. कुठे चुकतंय? सामान आप्पा बळवंत चौक, बोहरी आळी एवढ्यात मिळेल असं सांगा. परदेशातून मागवायचं बजेट नाही, आणि घरी तो विषय काढायची हिंमतही नाही.

गच्चीवरचा: स्प्रेतलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. फेव्हिकॉलमध्ये काळा ॲक्रिलिक कालवून ब्रशनेच दोन हात द्या. मुळात थर्माकोल सोडाच, त्याचे मणी सुटतात. फोमबोर्ड घ्या, वरचा कागद ओला करून सोला आणि आतल्या फोमवर बॉलपेनने विटा कोरा. स्प्रे त्यालाही नको, जात तीच. तळाला ३ मिमी एमडीएफ. पुठ्ठाच हवा तर दोन्ही बाजूंना फेव्हिकॉल लावून वजनाखाली वाळवा. एकाच बाजूला ओल दिली की वाळताना ती बाजू आकसते आणि पापड होतो.

कसब्यातला: आधी हे ठरवा की तुमची इमारत जळलीय की तोफेने फुटलीय. २३ ऑगस्ट १९४२ च्या बाँबहल्ल्यात स्तालिनग्राड पेटलं. लाकडी घरांची नुसती धुराडी उरली. विटांच्या इमारतींच्या बाहेरच्या भिंती उभ्या, आतले मजले आणि छप्पर गायब. आपल्या शनिवारवाड्याचं १८२८ च्या आगीत तेच झालं, लाकूडकाम गेलं आणि दगडी जोती-तट राहिले. म्हणजे जळक्या इमारतीत ढिगारा मुख्यतः आत हवा. भिंतीत तुळयांची भोकं आणि खिडक्यांच्या वर काजळी, कारण ज्वाळा बाहेर पडून वर चढतात.

तोफेने फुटली असेल तर भिंत सहसा खिडकीपाशी फुटते, तिथे ती मुळातच कमकुवत. कोपरे टिकतात, दोन भिंती एकमेकींना धरून असतात. तुम्ही कड सगळीकडे सारखी कुरतडली असणार. कोपरा उंच ठेवा, मध्ये खिडकीपर्यंत उतरा, आणि जेवढी भिंत कापली तेवढाच माल खाली टाका. कापलेले तुकडेच वापरा, म्हणजे हिशेबही जुळतो. पेठेत एखादा वाडा पाडत असतील तर रस्त्यावरून दहा मिनिटं बघा. ढीग भिंतीच्या पायाशी जाड आणि बाहेर पातळ होत जातो, वासे आडवेतिडवे अडकलेले असतात. (मुकादमाला खेळाचं सांगत बसू नका, मी सांगितलं होतं.)

धागाकर्ता: जळलेली घेतो! कापलेले तुकडे मी कचऱ्यात टाकत होतो, तिथेच घोळ. विटेचं माप किती धरू?

कसब्यातला: सैनिक साधारण १:५६ चे धरा, म्हणजे खऱ्या मापाच्या छप्पन्नाव्या हिश्शाचे. ९ इंची वीट ४ मिमी लांब, सव्वा मिमी जाड येते. सगळी भिंत कोरू नका, डोळे जातील. गिलावा उडालाय तिथेच विटा दाखवा. मजल्याची उंची हिशेबाने साडेपाच सेंटिमीटर होते, पण साडेसात ठेवा. नाहीतर खालच्या मजल्यावरचा सैनिक उचलताना बोटं अडकतात आणि वरचे सगळे शहीद.

धागाकर्ता: वरचे कालच शहीद झाले. उद्या चौकात जाऊन फोमबोर्ड आणतो, रविवारी फोटो टाकतो.