काळ्यावरून पांढऱ्यावर जाताना राखाडी रेघ जातच नाही: छोट्या प्लंजर मशीनवर रंग बदलायची पद्धत?

लिव्हरधारी

मशीन इंजेक्शन मोल्डिंगचं, हाताने लिव्हर ओढायचं, साधं प्लंजरचं (दट्ट्याने वितळलेलं प्लास्टिक साच्यात ढकलणारं). बॅरलचा आतला व्यास २५ मिमी, हीटर बँडखालचा भाग १५० मिमी. आत टॉर्पेडो (माल भिंतीकडे पसरवणारा मधला धातूचा तुकडा) नाही. मटेरियल पीपी (पॉलिप्रॉपिलीन), कंट्रोलरवर २१० अंश, एक शॉट, म्हणजे एका दाबात जाणारा माल, साधारण १८ ग्रॅमचा.

काळ्यानंतर पांढरा नग काढायचा असतो. नॅचरल, म्हणजे बिनरंगाचं पीपी टाकून पर्जिंग केलं (जुना माल ढकलून बाहेर काढला) की नोझलमधून पडणारा लोळा अगदी स्वच्छ दिसायला लागतो. मग साचा लावून पांढरं सुरू केलं की पहिले दोन नग ठीक येतात आणि तिसऱ्या-चौथ्यात राखाडी रेघ उमटते. ती एकदा आली की पुढे बराच वेळ येत राहते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पर्जिंगला किती मटेरियल धरायचं? तापमान वाढवायचं की उतरवायचं, कारण दोन्ही सल्ले दिले जातात. आणि तयार पर्जिंग कंपाउंड एवढ्याशा मशीनला चालतं का?

गरमनळी

तिसरा-चौथा नग म्हणालात, दुखणं तिथेच सापडतं. हिशेब मांडा. २५ मिमी व्यास आणि १५० मिमी लांबी म्हणजे ७३ घन सेंमीच्या आसपास जागा. वितळलेल्या पीपीची घनता ०.७४ धरली तर आत सुमारे ५४ ग्रॅम माल राहतो. तुमचा शॉट १८ ग्रॅमचा, म्हणजे वरून पडलेला दाणा नोझलपर्यंत पोचायला तीन शॉट लागतात. घाण नोझलमध्ये असती तर रेघ पहिल्याच नगात दिसली असती. तिसऱ्या-चौथ्यात दिसते, याचा अर्थ रंग बॅरलच्या मागच्या टोकातून, प्लंजरच्या बाजूने येतोय.

तिथे होतं काय, तर प्लंजर आणि बॅरल यांच्यात बारीक फट असतेच. साचा लावून दाब दिला की वितळलेलं प्लास्टिक त्या फटीतून उलटं वर चढतं आणि प्लंजरच्या अंगावर पातळ सालीसारखं बसतं. पर्जिंग मोकळ्या हवेत होतं, तेव्हा दाब जवळपास नसतोच, म्हणून ती साल जागची हलत नाही आणि लोळा स्वच्छ निघतो. पांढरं भरून साच्यावर दाब दिला की ताजा माल त्या फटीत शिरतो, जुनी काळी साल मऊ होऊन सुटते आणि पुढच्या भरणीत खाली पडते. बरोबर तीन शॉटनंतर ती तुमच्या नगात येते.

म्हणून रंग बदलताना पहिलं काम प्लंजरचं. बॅरल गरम असतानाच प्लंजर पूर्ण वर घ्या आणि पितळी ब्रशने तोंड आणि बाजूचा पहिला ४० ते ५० मिमी भाग घासा. मग जाड सुती कापडाने पुसा, सिंथेटिक कापड चिकटतं. दाणे टाकायच्या खिडकीची खालची कडाही बघा, तिथे अर्धवट वितळलेले काळे दाणे हमखास चिकटलेले असतात. ते लाकडी किंवा पितळी पट्टीने काढायचे. स्टीलचा स्क्रूड्रायव्हर आत घालू नका. बॅरलला एक ओरखडा पडला की त्यात कायमचा रंग बसतो.

पर्जिंगचे शेवटचे दोन-तीन शॉट साच्यातच मारा, नॅचरल पीपीचे. खरा दाब तिथेच मिळतो. आतली उरलेली साल त्या फेकायच्या नगांत निघून जाऊ दे.

साचेबंद

प्लंजरचं निदान पटलं. मटेरियल आणि तापमानाबद्दल थोडं सविस्तर.

नळीतून जाणारं प्लास्टिक मधोमध पळतं आणि भिंतीला लागलेला थर जवळजवळ जागेवरच राहतो. त्यामुळे पातळ माल कितीही ओतला तरी तो काळ्या थराच्या मधून बोगदा करून निघून जातो. लोळा स्वच्छ, भिंत काळी. भिंत खरवडायची तर आतल्या मालापेक्षा घट्ट माल आत घातला पाहिजे. इंजेक्शनच्या नेहमीच्या पीपीचा मेल्ट फ्लो (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) १० ते १२ किंवा त्याहून जास्त असतो. पर्जिंगसाठी ब्लो मोल्डिंगच्या (बाटल्या फुगवायच्या) ग्रेडचं नॅचरल एचडीपीई (जाड पॉलिथीन) घ्या, ज्याचा मेल्ट फ्लो १ च्या खाली असतो. तो त्या मानाने फारच दाट.

आता तापमान. वाढवा आणि उतरवा हे दोन्ही सल्ले बरोबर आहेत, फक्त त्यांचा क्रम आहे. आधी वाढवायचं, म्हणजे भिंतीवरचा जुना थर ढिला होतो. मग उतरवून घट्ट मालाने तो ढकलून काढायचा. तुमच्या मशीनला असं बसेल:

१. बॅरलमधला काळा माल शक्य तेवढा दाबून रिकामा करा. अर्ध्या भरल्या बॅरलवर नवीन माल टाकला की नुसतं पातळ होत जाणारं काळं मिळतं.

२. कंट्रोलर २३० वर न्या. नॅचरल पीपी पूर्ण भरून ५ मिनिटं थांबा, मग सगळं बाहेर काढा. हे दोनदा, म्हणजे साधारण ११० ग्रॅम.

३. तापमान १८५ ते १९० वर उतरवा आणि ते खरंच उतरेपर्यंत थांबा. थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बॅरलच्या बाहेरच्या अंगाला असेल तर आकडा आधी पडतो आणि आतला माल मागाहून थंड होतो, म्हणून आकडा आल्यावरही ५ मिनिटं द्या. मग घट्ट एचडीपीई दोन बॅरलभर. लिव्हर जड जाईल, तीच खूण. नोझलला वेगळा हीटर असेल तर तो १५ ते २० अंश वर ठेवा, नाहीतर नोझलमध्येच अडकेल.

लिव्हर सलग एकाच गतीने दाबू नका. थोडं दाबा, थांबा, मग झटक्याने दाबा. प्रवाह बदलला की कोपऱ्यातलं मटेरियल हलतं.

४. परत २१० वर नेऊन, प्लंजर पुसून, नॅचरल पीपी एक बॅरलभर. त्यानंतर गरमनळी म्हणतात तसे साच्यातले शॉट. मग पांढरं.

एकूण ५ बॅरलच्या हिशेबाने २७० ते ३०० ग्रॅम. पिवळ्यावरून लाल किंवा लालवरून तपकिरी असेल तर २ ते ३ बॅरलमध्ये भागतं. काळ्यावरून पांढरं हे सगळ्यात महागडं, त्याला इलाज नाही.

दाणापाणी

वरच्यांनी नोझल सोडलं, म्हणून तेवढंच. नोझल आणि बॅरल जिथे मिळतात तिथे पायरी असेल, समजा बॅरल २५ आणि नोझलचं आतलं तोंड २३, तर त्या १ मिमीच्या कट्ट्यावर रंग ठाण मांडून बसतो. नोझलची मागची बाजू निमुळती करून घ्या. आणि आटे गरम असतानाच शेवटचं कसा. थंड असताना कसलेलं नोझल तापल्यावर ढिलं होतं, वितळलेलं प्लास्टिक आट्यांत शिरतं आणि पुढचे सगळे रंग तिथे जमा होत राहतात.

सोपा उपाय म्हणजे काळ्याला एक नोझल आणि पांढऱ्याला दुसरं. पर्जिंगमधला निम्मा वैताग तिथेच संपतो.

लिव्हरधारी

लक्षात आलं. प्लंजर मी कधी पुसतच नव्हतो. टॉर्पेडो नसल्यामुळे काही सोपं होतं का? आणि पर्जिंग कंपाउंडचं राहिलं.

साचेबंद

खूप सोपं होतं. टॉर्पेडोच्या पाखांमागे रंग धरून बसतो, तो उघडून घासल्याशिवाय जात नाही. तुमच्याकडे सरळ नळी आहे, म्हणून थंड ढकलणी करता येते. बॅरल एचडीपीईने भरा, नोझल काढा आणि तापमान १२० च्या आसपास उतरू द्या. एचडीपीई १३० च्या खाली गोठतं आणि गोठताना भरपूर आकसतं, त्यामुळे भिंतीवरचा थर घेऊनच ते सुटतं. मग प्लंजरने हळू दाबलं की पूर्ण दांडा बाहेर येतो. दांड्याच्या अंगावर काळी साल लागलेली दिसेल, भिंतीवर चमक दिसेल. हलत नसेल तर लिव्हरवर लोंबकळू नका, ५ अंश वाढवून परत बघा. दांडा गरम असतो, खाली धातूचा ट्रे हवा.

पर्जिंग कंपाउंड दोन जातींचं. एकात काच किंवा खनिजाचा कण असतो, तो घासून काढतो. दुसऱ्यात फेस करणारं रसायन असतं, ते भरून पॅकवर लिहिलं असेल तेवढा वेळ भिजत ठेवायचं. दोन्ही साच्याशिवाय वापरायची. काचेच्या जातीला नोझलचं भोक मोठं लागतं, २ मिमीच्या भोकात ती तुंबू शकते. मशीन एवढं लहान असताना मला ते खर्चिक वाटतं. घट्ट एचडीपीई आणि पितळी ब्रश यांत काम होतं.

गरमनळी

थंड ढकलणीला माझी हरकत नाही, पण प्लंजर मऊ धातूचा असेल किंवा फट फार बारीक असेल तर जपून. गोठलेला माल फटीत अडकला तर प्लंजर जाम होतो. मी ती दर रंगबदलाला करणार नाही. काळ्यावरून पांढऱ्यावर किंवा पारदर्शकावर जाताना करीन.

लोळा तपासण्याबद्दल एक. गरम लोळ्यावरून रंग ठरवू नका. नॅचरल पीपी गरम असताना काचेसारखं दिसतं आणि थंड झाल्यावर दुधाळ होतं. लाल-नारिंगी रंग गरमपणी गडद दिसतात. लोळा सपाट दाबून पातळ करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि उजेडासमोर धरा. पांढऱ्या नगातली फिकट राखाडी रेघ जाड लोळ्यात दिसतच नाही.

आणि रेघ वेगळी, काळे ठिपके वेगळे. रेघ म्हणजे जुना रंग. टोकदार काळे ठिपके म्हणजे बहुतेक वेळा जळून कोळसा झालेलं प्लास्टिक, आणि ते पर्जिंगने सहसा जात नाही, बॅरल उघडून घासावं लागतं. ते टाळायचं तर मशीन बंद करताना बॅरल नॅचरल एचडीपीईने भरून ठेवा. रिकाम्या गरम बॅरलमध्ये हवा लागून भिंतीवरचा थर जळतो.

दाणापाणी

मास्टरबॅचवर (दाट रंग भरलेले दाणे, साध्या दाण्यात मिसळायचे) कुणी बोललं नाही. प्लंजर मशीनमध्ये स्क्रूसारखी मिसळण होत नाही, त्यामुळे काही रेघा जुन्या रंगाच्या नसून नव्या रंगाच्याच असतात. २ टक्के मास्टरबॅच म्हणजे १०० ग्रॅम दाण्याला २ ग्रॅम. साधा दाणा आणि रंगीत दाणा यांचा आकार वेगळा असला की ते हॉपरमध्येच वेगळे होतात. प्रत्येक शॉटचा माल वेगळा मोजून कपात हलवून टाका. तरीही रेघा राहिल्या तर एकदा बाहेर काढून तुकडे करा आणि परत घाला, दुसऱ्या फेरीत रंग एकसारखा होतो. मास्टरबॅचचा वाहक, म्हणजे रंग ज्यात भरलाय ते प्लास्टिक, तुमच्या प्लास्टिकशी जुळणारा हवा: पीपीला पीई किंवा पीपी वाहकाचा, स्टायरीनच्या वाहकाचा नाही.

पावडर रंग वापरत असाल तर दाण्यांना आधी पांढऱ्या मिनरल ऑइलचा अगदी थोडा हात लावा, १०० ग्रॅमला ०.१ ते ०.२ ग्रॅम, मगच पावडर. नाहीतर ती भांड्यालाच चिकटते. आणि पावडर उडते, हॉपरच्या कडांवर बसते आणि पुढच्या रंगात पडते. हॉपर, चमचा, कप, तराजूचं ताट हे सगळं ओल्या कापडाने पुसा. हवा मारू नका, ती पावडर सगळ्या खोलीत पसरवते.

फ्थॅलोसायनिन जातीचा निळा-हिरवा रंग वापरताना एचडीपीई आणि पीपीचं आकसणं बदलतं. रंग बदलल्यावर सपाट नग वाकडा यायला लागला तर साच्याला दोष देण्याआधी हे बघा.

लिव्हरधारी

पुढे पारदर्शक पीएस (पॉलिस्टायरीन) काढायचं आहे, याच बॅरलमध्ये. हीच पद्धत?

साचेबंद

अर्धीच. पीपी किंवा पीई पीएसमध्ये मिसळत नाही. थोडंही उरलं तर नग धुरकट येतो, जास्त उरलं तर पापुद्रे सुटतात. एचडीपीईने काळा काढा, थंड ढकलणी करा, पितळी ब्रशने बॅरल घासा, नवीन नोझल लावा. त्यानंतर २३० वर शुद्ध पीएसचे ४ ते ५ बॅरलभर, म्हणजे साधारण २८० ते ३५० ग्रॅम. पीएस पीपीपेक्षा जड, हिशेब त्याप्रमाणे. पारदर्शकाचं काम वारंवार असेल तर वेगळं बॅरलच करून घ्या.

आणि पुढेमागे पीओएम (ॲसिटल प्लास्टिक) वापरायची वेळ आली तर ते पीव्हीसीच्या आगेमागे एकाच बॅरलमध्ये कधीच नको. पीओएम जास्त तापलं की फॉर्मल्डिहाइड सोडतं, पीव्हीसी हायड्रोजन क्लोराइड सोडतं, आणि ते आम्ल पीओएमचं विघटन भडकवतं. बंद नळीत गॅसचा दाब वाढून वितळलेला माल नोझलमधून फेकला जातो. पर्जिंग करताना चेहऱ्यावर शील्ड आणि हातात चामड्याचे मोजे, माल कुठलाही असो. ओला दाणा असला की साधं पीएसही थुंकतं. नोझल निघत नसेल तर समोरून वाकून बघायचं नाही, बाजूने बघायचं.