मॅस्टोडॉन नेमके कशासाठी आहे?

प्रश्न (शाहूपुरीकर): एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून मॅस्टोडॉनवर खाते उघडायला घेतले, पण ‘सर्व्हर निवडा’ या पहिल्याच पायरीवर अडलो आहे. फेसबुक असताना हे वेगळे माध्यम कशासाठी, हे कृपया कोणी सांगेल का?

उत्तर १: संवादाची सगळी सूत्रे एकाच कंपनीच्या हाती राहू नयेत, हाच २०१६ मध्ये सुरू झालेल्या या माध्यमाचा हेतू आहे. निरनिराळ्या व्यक्ती आणि संस्था आपापले सर्व्हर चालवतात आणि ते एकमेकांशी जोडलेले असतात; शाहूपुरीतल्या पेटीत टाकलेले पत्र जसे राजारामपुरीत पोहोचते, तसे एका सर्व्हरवरचे लेखन दुसऱ्यावर वाचता येते. मुख्य पानावर तुम्ही निवडलेल्या लोकांचेच लेखन काळानुक्रमे दिसते, आणि मला तरी हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

उत्तर २: माझे पान सुरुवातीचे काही आठवडे रिकामेच होते. रंकाळ्यावरच्या पाणपक्ष्यांची छायाचित्रे हॅशटॅग लावून टाकू लागले, तेव्हा कुठे पक्षिनिरीक्षक भेटत गेले. सर्व्हरचे नियम आधी अवश्य वाचावेत. पुढे तो बदलता येतो आणि अनुयायीही सोबत येतात. जुने लेखन मात्र मागेच राहते.

शाहूपुरीकर: मनःपूर्वक आभार. नियम वाचूनच आज रात्री सर्व्हर निवडतो.