हिवाळ्यात कयाकवरून पिकरेल: ड्रायसूट नसेल तर काठावरूनच गळ टाका

मचूळपाणी (धागालेखक)

गेल्या रविवारी अमेरिकेत मेरीलँडमधल्या मॅगोथी नदीच्या एका फाट्यात माझी कयाक (वल्ह्याची छोटी चिंचोळी होडी) उलटली, म्हणून हा धागा.

ठाऊक नसलेल्यांसाठी: चेन पिकरेल हा मासा म्हणजे पाइक या शिकारी माशाचा धाकटा भाऊ. अंगावर साखळीची नक्षी, बदकाच्या चोचीसारखं तोंड आणि आत सुयांसारखे दात. पाणी गार झालं की बाससारखा मासा सुस्तावतो, हा मात्र भुकेलाच. उत्तरेकडे तर बर्फाला भोक पाडून याला पकडतात. चेसापीक उपसागराच्या खाड्यांतलं थोडं खारं पाणीही त्याला सोसतं, त्यामुळे थंडीत आम्हा मेरीलँडकरांची चंगळ.

त्या दिवशी पाणी ३९ फॅरनहाइट होतं, म्हणजे ४ अंश सेल्सिअस. आडव्या पडलेल्या झाडाशेजारी वीसेक इंची पिकरेल लागला. पक्कड घ्यायला मागे वळलो आणि नेमकी तेव्हाच त्याने कयाकखालून मुसंडी मारली. पाणी जेमतेम छातीएवढं, काठ तीस फुटांवर, अंगात लाइफ जॅकेट. तरी पहिलं मिनिटभर नुसती धाप. पाय टेकले ते गुडघाभर चिखलात. काठाला लागेपर्यंत बोटांचं लाकूड झालं होतं. गाडीची किल्ली जॅकेटच्या खिशात होती आणि खिशाची चेन काही ओढता येईना. शेवटी दातांनी ओढली.

माझं मत: नोव्हेंबर ते एप्रिल ड्रायसूटशिवाय (गळ्याला-मनगटाला घट्ट रबर असलेला, आत पाणी न शिरू देणारा अंगभर सूट) कयाक पाण्यात घालू नये. पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल कयाकवर लाइफ जॅकेट अंगात घालणं सक्तीचं आहे. मेरीलँडमध्ये मोठ्या माणसाने ते नुसतं जवळ ठेवलं तरी भागतं. इथेही सक्ती हवी.

रीळवाला

वाचलात, बरं झालं. पण तुम्ही पडलात म्हणून आम्ही सगळ्यांनी घरी बसायचं? बारा हिवाळे जातोय, एकदाही उलटलो नाही. कारण साधं आहे: मी बसूनच गळ टाकतो, पक्कड दोरीने छातीशी बांधलेली असते आणि काठापासून वीस हातांपलीकडे जात नाही. चांगला ड्रायसूट हजार डॉलरच्या घरात जातो, माझी अख्खी कयाक चारशेची. हा श्रीमंतांचा खेळ करायचाय का? आणि आपल्या कोकणातले मच्छीमार कुठे सूट घालून जातात? प्रत्येक गोष्टीला कायदा कशाला!

वेंगुर्लेकर

रीळवाले, कोकणाचा दाखला देऊ नका हो. आमच्या खाडीत पौषातसुद्धा पाण्यात उतरलं की बाहेरच्यापेक्षा ऊबच लागते. लहानपणी पाग टाकताना आणि गरवताना शंभरदा पाण्यात पडलो असेन. घरी जाऊन आईचा मार खाल्ला, इतकंच. तिथला अनुभव इथे कामाचा नाही.

पण धागालेखकांचंही पटत नाही. माझी फजिती सूट असूनच झाली. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूट-सव्वा फूट, म्हणून मी तक्ता बघून निवांत. पण दोन दिवस वायव्येचा वारा लागला होता. हिवाळ्यात असा वारा पाणी चेसापीकच्या बाहेर रेटतो आणि तक्ता कागदावरच राहतो. फाट्याच्या पार टोकाला होतो. बघता बघता कयाकखाली काळा चिखल, वल्हं टेकवलं तर अर्धं आत. उतरलो असतो तर रुतलो असतो. अंधार पडेपर्यंत तीन तास तसाच बसलो, थर्मासमधला चहा पहिल्या तासातच संपला. कोकणात सुकती (ओहोटी) लागली की परत कधी फिरायचं हे अंगात मुरलेलं असतं. सूट अंगात आहे म्हणून ते विसरलो, हे माझं चुकलं.

टोरोंटोवासी

मी आधी गोंधळलोच. आमच्या ओंटारियोत पिकरेल म्हणजे वॉलाय, वेगळाच मासा! बदकाची चोच वाचल्यावर उजेड पडला. चालू द्या.

नाडीपरीक्षा

पेशाने डॉक्टर आहे, म्हणून दोन शब्द. ‘काठ जवळ आहे’ हा युक्तिवाद फसवा आहे. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिस्ब्रेख्त यांचा १-१०-१ असा ठोकताळा आहे: पहिल्या १ मिनिटात श्वास ताब्यात आणा, हातपाय कामाचे राहतात साधारण १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला जवळपास १ तास लागतो. म्हणजे गारठून मरण्याआधीच माणूस बुडतो. पहिल्या झटक्यात आपसूक मोठा श्वास घेतला जातो, तेव्हा नाक पाण्याखाली असलं की संपलं. त्यामुळे पैसे कमी असतील तर आधी अंगात घातलेलं लाइफ जॅकेट, मग सूट. डिकीत ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग शून्य.

रीळवाला

जॅकेट मी घालतोच, त्यावर वाद नाही. वाद सक्तीवर आहे. आणि नियमच हवेत तर आधी गाभोळीवाल्या माद्यांचं बोला. मेरीलँडच्या भरती-ओहोटीच्या पाण्यात पिकरेल धरणं १५ मार्च ते ३० एप्रिल बंद, पण फेब्रुवारीतच मादीचं पोट टम्म असतं. तरी किमान मापाचे १४ इंच भरले की लोक घरी नेतात. काटे एवढे की खाणाऱ्याची कीव येते!

वेंगुर्लेकर

काट्यांना काय भ्यायचं? आडव्या बारीक चिरा द्या, तिरफळ नसेल तर नुसतं हळद-तिखट-आगळ, रवा लावून कडक तळा. काटे विरघळल्यासारखे होतात. गाभोळीचं मात्र मान्य, जानेवारीनंतर मीही सोडूनच देतो.

मचूळपाणी

डॉक्टरांचं बरोबर, आधी जॅकेट हवं. धाग्याच्या नावात ड्रायसूट लिहिलं ते त्या दिवशीच्या भीतीपोटी, हे कबूल. पण रीळवाले, ‘बारा वर्षांत उलटलो नाही’ हे मीही गेल्या शनिवारपर्यंत म्हणत होतो. मी नऊ म्हणायचो, एवढाच फरक. नवा सूट परवडत नसेल तर जुना बघा. मी परवा एक साडेतीनशेला घेतला. मनगटाचं रबर बदलावं लागेल, बाकी ठणठणीत.

वेंगुर्लेकर, तुमच्या वाऱ्याबद्दल मला खरंच ठाऊक नव्हतं. आता तक्त्याबरोबर वाऱ्याचा अंदाजही बघेन.

रीळवाला

सक्तीला माझा विरोध कायम. बरं, ते गळ्याचं रबर काचतं का हो? माझा गळा १७ इंची आहे.

मचूळपाणी

सुरुवातीला काचतं. लगेच कापायला जाऊ नका. लेटेक्सचं असेल तर गळ्यापेक्षा किंचित मोठ्या डब्यावर रात्रभर ताणून ठेवा. आमच्याकडे पोह्यांचा डबा अडकलाय तिथे, सकाळी घरात बोलणी खाल्ली.